शुक्रवारी स्लॅब: गार पाण्याची टाकी सोलरपेक्षा उंच घ्यायची का?

भाऊ, लीड्स – सोमवार

मंडळी, आपल्या मंडळाच्या मेल-लिस्टवर घाईत लिहितोय. पुण्यातल्या सहकारनगरच्या घरावरचा स्लॅब शुक्रवारी ओतायचा आहे. खोली आणि बाथरूमचं ठरलं आहे, अडलंय ते पाण्याच्या टाकीपाशी. पाणी तापवायचा २०० लिटरचा जुना सोलर नव्या गच्चीवर जाणार. ठेकेदार म्हणतो, हजार लिटरची गार पाण्याची टाकी त्याच्या शेजारीच विटांच्या ओट्यावर ठेवू. आर्किटेक्ट म्हणतात, जिन्याच्या हेडरूमवर, म्हणजे जिना गच्चीवर निघतो त्या छोट्या खोलीवर घ्या. तसं केलं तर कॉलम वर न्यायचे, खर्च वाढतो. बाबांना ठेकेदाराचं पटलंय. आई-बाबा खालीच राहणार आणि आईची आंघोळ पहाटे साडेपाचला असते, हे धरून सांगा. तात्यांनी मागे पाठवलेलं चित्र कुणाकडे आहे का? गुरुवारी रात्रीपर्यंत कळवायचंय.

तात्या, रेडिंग – सोमवार

चित्र राहू दे, शब्दांत सांगतो. गार टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा, निदान फूटभर. सोलरमध्ये पाणी आपसूक उतरतं, मधे पंप नसतो. दोन्ही टाक्या शेजारी ठेवल्या तर गार टाकी अर्धी झाली की सोलर भरणं बंद.

औंधच्या घरी आम्ही हेच केलं. पाणी कमी आलं त्या आठवड्यात सोलर रिकामा पडला, काचेच्या नळ्या दिवसभर उन्हात कोरड्या तापल्या. दुपारी टँकर आला, गार पाणी नळ्यांत उतरलं आणि पाठोपाठ टण-टण आवाज. पाच नळ्या तडकल्या. वडील गच्चीवर अनवाणी गेले होते, तळव्यात काच गेली. बसवणाऱ्याने फोनच उचलला नाही. तेव्हा बाबांना माझ्या नावाने सांग, उंच घ्या.

सोलरच्या टाकीवरचा हवेचा पाइपही गार टाकीच्या माथ्याच्या वर न्यायचा, नाहीतर त्यातून पाणी वाहत राहील. आणि हेडरूम कुठल्या कोपऱ्यात आहे? डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो. हेडरूम आणि टाकी मिळून साडेतीन मीटर धरली, तर सावली उत्तरेला तीन मीटरच्या वर पडते, सोलर त्यात यायला नको.

ताई, ब्रिस्टल – मंगळवार

तात्या, इतका खटाटोप करण्यापेक्षा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप का नको? आम्ही मागचं एक्स्टेंशन काढलं तेव्हा बॉयलर काढून तोच घेतला. इथे त्याला साडेसात हजार पौंडांचं सरकारी अनुदानही आहे. एक युनिट वीज घेतो, साधारण तीन युनिट उष्णता देतो. पुण्याच्या हवेत तर त्याहून बरा चालेल. आणि भाऊ, वरच्या बाथरूमला शॉवर लावणार असशील तर प्रेशरचं बघ. इथे गरम पाण्याच्या सिलिंडरला तीन बार मिळतात. तुझ्या टाकीची उंची साडेतीन मीटर, म्हणजे जेमतेम ०.३५ बार. प्रेशर पंप लागणारच.

माई, सध्या पुणे – मंगळवार

ताई, पंपाचं सांगितलंस ते अर्धं बरोबर. नळ्यांचा साधा सोलर दाबाचा नसतो. पंप त्याच्या आधी बसवला तर टाकीच्या शिवणी उघडतात. फक्त गार पाण्याच्या लाइनला बसवला तर मिक्सरमध्ये गार पाणी गरमला मागे ढकलतं आणि अंगावर गारच येतं. लावायचाच तर वरच्या बाथरूमच्या गार आणि गरम दोन्ही लाइनींवर लावावा लागेल. आणि गुरुवारी महावितरणचं काम निघालं की पंपही बंद, हीट पंपही बंद. सोलरमधलं कालचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही बादलीत घेण्याइतकं कढत असतं.

भाऊ, मला खरी काळजी आईंची आहे. गच्चीवरून खालच्या बाथरूमपर्यंत १५ मीटर पाइप सहज होईल. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी धरलं, तरी गरम यायच्या आधी चार लिटर गार जाणार. पहाटे थंडीत उभं राहून हे बघत बसायचं? आमच्याकडे सासूबाई ते पाणी कळशीत धरून तुळशीला घालायच्या, पण शेवटी पाय गारठून आखडायचे. खाली १५ लिटरचा विजेचा गीझर हवाच. २ किलोवॅटचा वीस मिनिटांत तापतो. त्याला वेगळी चार चौरस मिमीची वायर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) लिहून घे. गॅस गीझर मात्र बंद बाथरूममध्ये कुणी सुचवला तरी नको. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बोअरचं पाणी सोलरमध्ये सोडत असाल तर तेही थांबवा. आमच्या नळ्यांतून खरवडलेल्या चुन्याने तांब्या भरला होता.

नाना – बुधवार

लिस्टवर ठेकेदारांची नावं आणि दर टाकायचे नाहीत हे मागच्या सभेत ठरलंय. कालपासून मला तिघांनी विचारलं, म्हणून परत लिहितो. वैयक्तिक मेल करा. तात्यांचं चित्र मंडळाच्या फोल्डरमध्ये मीच ठेवलं आहे, गणपतीच्या हिशेबाखाली. आणि भाऊ, काम झालं की महापालिकेत मिळकतकराच्या सवलतीचा अर्ज करायला विसरू नका. सोलर, पावसाचं पाणी, गांडूळखत यांतलं एक असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के.

ताई, ब्रिस्टल – बुधवार

नाना, नियम मान्य, पण चांगला प्लंबर कोण हे एकमेकांना सांगायचं नाही तर लिस्ट कशासाठी? हे पुढच्या सभेत मी मांडणार आहे. माई, दोन्ही लाइनींचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

भाऊ, लीड्स – गुरुवार रात्र

बाबांना तात्यांचा मेल मोठ्याने वाचून दाखवला. तळव्यातल्या काचेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, उंच घ्या. हेडरूम नैऋत्येला आहे, त्यामुळे सोलर आग्नेयेला सरकवतोय. सकाळपासून दुपारपर्यंत सावली त्याच्यापर्यंत येत नाही, आणि आग्नेयेला म्हटल्यावर आईही खूश. खाली गीझर, वायर माईंनी सांगितली तशीच.

ठेकेदार तयार झाला, पण हेडरूमच्या चारही कॉलमच्या सळ्या वर सोडल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, हे समोर उभं राहून कुणीतरी बघायला हवं. बाबांना शिडी चढवत नाही. माई, उद्या सकाळी सातला तुम्ही जाल का? सळ्या निदान तीन फूट वर असाव्यात, आर्किटेक्टचं मोजमाप तुम्हाला फोनवर पाठवलं आहे.

माई – गुरुवार रात्र

साडेसहालाच पोहोचते. टेप माझा घेऊन येते.