मदत हवी आहे: बाबांच्या पुस्तकातली प्रकरणं ब्लॉगवर टाकू का?

नमस्कार मंडळी, माझ्या बाबांनी आटपाडी-जतकडच्या मेंढपाळांवर पुस्तक लिहिलंय. वाडा (मेंढरांसकट त्यांचा मुक्काम) कुठं पडतो, कुणाच्या रानात मेंढरं बसवली तर काय मिळतं, कातरणी कशी होते, सगळं अकरा वर्षं त्यांच्यासोबत फिरून. ५०० प्रती स्वतःच्या पैशानं छापल्या, त्यातल्या ३५० अजून माळ्यावर आहेत. ज्यांनी वाचलं ते रात्री फोन करून बोलतात, पण नावच कानावर नाही तर दुकानात कोण मागणार?

मावसभाऊ म्हणतो ब्लॉगवर फुकट टाक. त्यानं अमेरिकन लेखक अँडी वीअरचं उदाहरण दिलं, 'द मार्शियन' ही कादंबरी तो २००९ पासून एकेक प्रकरण स्वतःच्या वेबसाइटवर टाकत गेला, वाचकांनी शास्त्रातल्या चुका काढल्या त्या त्यानं सुधारल्या, मग लोकांनीच मागितलं म्हणून २०११ ला किंडलवर (अ‍ॅमेझॉनचं ई-बुक) ९९ सेंटला ठेवलं, आणि २०१४ ला मोठ्या प्रकाशकानं छापलं. पण ती गोष्ट आहे हो, पुढं काय होतंय म्हणून माणूस परत येतो. माहितीच्या पुस्तकात हवं ते मिळालं की वाचक गेला, असं मला वाटतं.

दुसरीकडं अमेरिकेतल्या ज्यूली पॉवेलचं उदाहरण. ज्युलिया चाइल्डच्या १९६१ च्या पाककृतींच्या पुस्तकातले ५२४ पदार्थ वर्षभरात करायचे ठरवून २००२ मध्ये तिनं ब्लॉग सुरू केला, आणि लोक वाचायचे ते तिची धडपड. त्यावर पुस्तक, मग २००९ ला सिनेमा आला आणि चाइल्डचं ते जुनं पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरला गेलं! सिनेमाचा हात मोठा, पण सुरुवात ब्लॉगचीच ना.

मग मी प्रकरणं टाकू, की बाबा कसे फिरले ते लिहू? आधी ब्लॉगवर आलेलं मराठी प्रकाशक घेतात का? एका पुस्तक-ब्लॉगवाल्यानं बाबांच्या पुस्तकाचा परिचय लिहायचे पैसे मागितले, वर पैसे घेतल्याचं लिहिणार नाही म्हणाला. बाबांनी सरळ नको सांगितलं, मलाही तेच बरोबर वाटतं. कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: ताई, अख्खं पुस्तक नका टाकू. एक प्रकरण पूर्ण द्या आणि बाकी फिरण्याच्या आठवणी, दर आठवड्याला एक, खाली पुस्तक कुठं मिळेल ते. वाड्यावरच्या मुक्कामाचे फोटो आहेत का?

धागाकर्ती: आहेत, दोन पिशव्या भरून. रविवारी बाबांना घेऊन बसते आणि स्कॅन करते.