शिकवणं वेळेत होतं, मग सीईटी-नीटच्या टेस्टचे मार्क का हलत नाहीत?

खडूफळा:
तालुक्याच्या ठिकाणी बारावी सायन्सची एकच बॅच, ४२ मुलं. निम्मी मेडिकल प्रवेशाच्या नीटची, निम्मी राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीची. सोमवार ते शनिवार रोज चार तास, रविवारी टेस्ट. पोर्शन वेळेवर, हजेरी बरी, तरी मार्क जूनपासून तिथेच. तास वाढवू, की बाहेरून फॅकल्टी आणू?

लाल_पेन:
दोन्ही नको. टेस्टनंतर सोमवारी काय होतं? बहुतेक क्लासमध्ये मार्कांची यादी ग्रुपवर पडते आणि पुढचा धडा सुरू होतो. टेस्ट वाया गेली ती तिथेच.

चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर मुलाने स्वतः एक अक्षर लिहायचं. क म्हणजे कन्सेप्टच कच्ची, आ म्हणजे आकडेमोड, व म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, त म्हणजे तुक्का. तुक्क्याची खूण मात्र पेपर चालू असतानाच करायची, नाहीतर नशिबाने बरोबर आलेली उत्तरं 'येतंय' या खात्यात जमा होतात.

मग मोजा. एखाद्या प्रश्नाला १५-२० मुलांचा 'क' असेल तर तो भाग पुन्हा फळ्यावर. पाच-सहाच असतील तर तेवढ्यांना अर्धा तास थांबवा, बाकीच्यांना कशाला बसवून ठेवायचं? 'आ' आणि 'व' वाल्यांना लेक्चरने काडीचा फरक पडत नाही. त्यांना घड्याळ लावून २० प्रश्नांचे छोटे संच द्या. तीन आठवड्यांनी तेच प्रश्न आकडे बदलून परत टाका. तेव्हाही चुकले, तर तुमचं डिस्कशन म्हणजे नुसतं उत्तरं वाचून दाखवणं आहे.

खडूफळा:
पण असं मागे फिरत बसलो तर पोर्शन कधी संपणार?

लाल_पेन:
आठवड्याचे २४ तास आहेत. त्यातले ५ यालाच राखून ठेवा. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं फळ्यावर जशीच्या तशी उतरवणं बंद केलंत तरी एवढा वेळ निघेल.

पर्याय_ड:
सगळ्यांना एकच पेपर देता का? मग अर्धं दुखणं तिथे आहे. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबरला ४, चुकीला उणे १. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद, आणि उणे गुण नाहीतच. नीटच्या सवयीचं पोर सीईटीत शंकेचा प्रश्न कोरा सोडतं, म्हणजे हातचे मार्क घालवतं. नीटमध्येही 'तुक्का नकोच' ही शिकवण अर्धवट आहे. दोन पर्याय खात्रीने उडाले, तर उरलेल्या दोनांतून निवडण्यात सरासरी दीड मार्काचा फायदाच आहे. मात्र ते दोन का उडवले, हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

शिवाय सीईटी संगणकावर, नीट ओएमआरवर, म्हणजे कागदावर गोल रंगवून. सीईटीवाल्यांच्या सगळ्या टेस्ट कागदावर घेऊ नका. पुस्तकंही वेगळी: सीईटीला बालभारती, नीटला एनसीईआरटी. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के आहे, तो जानेवारीपर्यंत लांबवू नका.

मागचा_बाक:
सहा दिवस वर्ग आणि सातव्या दिवशी टेस्ट, मग सुट्टी कधी? कोचिंग क्लासेससाठीच्या केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत साप्ताहिक सुट्टी आहे, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको असंही आहे. टेस्ट शनिवारी, रविवार मोकळा, सोमवारी डिस्कशन असं बसवा.

आणि मार्क हलले की नाही हे पहिल्या तिघांवरून पाहू नका. ती मुलं कुठल्याही क्लासमध्ये वर आली असती. दर महिन्याला नीट आणि सीईटीच्या वेगळ्या याद्या उतरत्या क्रमाने लावा आणि २१ जणांच्या यादीतल्या ११ व्या मुलाचे मार्क वहीत टिपून ठेवा. पालकसभेतही तोच आकडा दाखवा.