तरोट्याच्या बिया रोज घ्यायच्या का?
दादा, तुम्ही विचारलं की तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी पोट साफ करते तं बियाही भाजून रोज घेतल्या तर काय बिघडते. भाजीची गोष्ट वेगळी आहे, पहिल्या पाण्यानंतरची कोवळी पानं कांदा-लसूण अन् चण्याची डाळ टाकून आम्हीही खातो, मस्त लागते. पण बियांमध्ये इमोडिन, क्रायसोफॅनॉल अशी अँथ्राक्विनोन नावाची जुलाब करणारी रसायनं असतात, सोनामुखीतले सेनोसाइडही याच खानदानातले. सेनोसाइड लहान आतड्यात शोषलं जात नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला तोडतात तेव्हा कुठं काम सुरू होते, म्हणून रात्री घेतलं की 6 ते 12 तासांनी, सकाळीच जोर येतो. आतडं जोरात आवळते अन् पाणीही शौचातच राहते. कधीमधी ठीक आहे, पण महिनोन् महिने असे जुलाब होत राहिले तं पोटॅशियम उतरते, आतड्याचं अस्तर काळपट पडते. रोज नकाच घेऊ, बद्धकोष्ठ जुनं असेल तं डॉक्टरला दाखवा.

गजकर्णावर बी वाटून लावतात ते मात्र जुनं चालत आलेलं आहे.

अन् एक, कासविंदा तरोटा समजून तोडू नका. तरोट्याला गोल टोकाच्या पानांच्या 3 जोड्या असतात, कासविंद्याची पानं टोकदार अन् जोड्या जास्त. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान लेकरं दगावली आहेत, लिव्हर, स्नायू, मेंदू सगळ्यावरच मार बसते. लेकरं खेळतात तिथली कासविंद्याची झाडं शेंगा धरायच्या आत उपटून टाका.