परदेशी भाषा: कोणती निवडली, कशी शिकताय? (अनुभव धागा)

आमच्या अभ्यासिकेतली पोरं विचारतात, "सर, सगळ्यात सोपी भाषा कोणती?" आणि लगेच मोबाईलवरचा तक्ता पुढे करतात: स्पॅनिश सोपी, जपानी सगळ्यात अवघड, २२०० तास लागतात. तो हिशेब अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने इंग्रजी मातृभाषेच्या अधिकाऱ्यांसाठी केलेला आहे. आपण मराठीतून निघणार, मग तेच तास आपल्याला कसे लागू पडतील? म्हणून विदर्भातल्या गावा-तालुक्यांतून शिकणाऱ्यांनी इथे लिहावं. कोणती भाषा, का, आणि रोज नेमकं काय करता. "जिद्द ठेवा, यश मिळेल" छापाचं नको, ते स्टेटसला भरपूर मिळतं.

गाईड, मोहर्ली

सर, मी फ्रेंच घेतली. ताडोबात येणारे परदेशी पाहुणे आपल्याशी इंग्रजीच बोलतात, पण आपसात काय बोलतात ते कळलं पाहिजे ना! साहेब मागं बसून बायकोला सांगते की पैसे वाया गेले, अन् आपण पुढं बसून "यस सर".

पूर्ण भाषेच्या मागं लागलो नाही. आधी जिप्सीत लागते तेवढीच: डावीकडे पहा, उभे राहू नका, चितळानं कॉल दिला, पगमार्क ताजा आहे. एका पाहुण्या मॅडमकडून ही वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतली अन् गेटवर गाडीचा नंबर लागेपर्यंत कानात लावून पुटपुटत राहायचो. नाकातले आवाज इंग्रजीवाल्याले जड जातात म्हणे. आपण चंद्रबिंदी लहानपणापासून ऐकतो, "पाँ" म्हणजे मोर, लगेच जमला. ऐंशीला ते "चार-वीस" म्हणतात, नव्वदला "चार-वीस-दहा". इथं सगळे चक्रावतात. माझी आजी अंडी असो की पैसे, "चार ईस" असंच मोजे, मले काही नवल वाटलं नाही.

पावसाळ्यात कोअर बंद राहते, तेव्हा व्याकरण. सीझनमध्ये फक्त बोलणं.

शेतकऱ्याचा पोरगा, दारव्हा

जपानी. कारण सरळ सांगतो: तिकडं शेतीच्या कामासाठी कुशल कामगारांचा व्हिसा आहे, २०१९ पासून. त्याला शेतीची परीक्षा अन् जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-४ पातळीच्या तोडीची भाषा लागते.

वाक्यानं मला त्रासच दिला नाही. क्रियापद शेवटी, अन् आपल्या "ला, ने, त" सारखे तुकडे नामाच्या मागं. मराठी वाक्यातला एकेक शब्द बदलत गेलं की जपानी वाक्य बऱ्यापैकी उभं राहते. ऑनलाईन क्लासमध्ये मात्र सगळं इंग्रजीतून, म्हणजे आधी वाक्य उलटं करा, मग पुन्हा सुलटं. मी वहीतलं इंग्रजी खोडून शेजारी मराठी लिहितो.

खरी आफत कान्जी, म्हणजे चिनीतून घेतलेली चिन्हं. रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २१३६ आहेत. मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहितो, दूध काढताना समोर दिसतात. शेताची कान्जी म्हणजे चौकोनात अधिकचं चिन्ह, धुरे टाकलेलं वावरच. त्याच्याखाली "ताकद" लिहिली की "पुरुष" होते. आईला हे समजावून सांगितलं, तर ती कासंडी खाली ठेवून म्हणे, "निंदन आमी कराव, कापूस आमी येचाव, अन् वावराखाली जोर माणसाचा काहून रे?" ते चिन्ह आता मरेस्तोवर डोक्यातून जात नाही. तेव्हापासून प्रत्येक नवीन कान्जी आईला दाखवतो. ती काही ना काही खोट काढते अन् माझं पाठांतर होऊन जाते.

एक सांगून ठेवतो, जेएलपीटीचे सगळे प्रश्न पर्याय निवडायचे असतात, बोलणं तपासतच नाहीत. परीक्षा पास झालेले पण तोंड न उघडणारे मी पाहिले आहेत.

स्टाफ नर्स, वर्धा जिल्हा

भाऊ, आईला नमस्कार सांगा!

माझी जर्मन. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यानंतर क्लास भुईछत्र्यांसारखे उगवले. एकाने आमच्याकडून पूर्ण फी आगाऊ घेतली आणि ए-२ (ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत्या पायऱ्यांतली दुसरी) संपायच्या आत कुलूप लावलं. फी हप्त्यानेच द्या, आणि शिकवणाऱ्याचं स्वतःचं प्रमाणपत्र मागा, लाजू नका. नर्स म्हणून मान्यतेला साधारण बी-२ लागतं. ए-१ वर "काम झालंच समजा" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

लिंगांना घाबरू नका. तो-ती-ते आपल्यालाही आहे, फक्त आपलं लिंग तिकडे चालत नाही. त्यांचा चंद्र "तो"च आहे, पण सूर्य "ती". म्हणून शब्द एकटा पाठ करायचा नाही, डेर-डी-दास लावूनच. पंचविसात ते आपल्यासारखेच आधी पाच म्हणतात आणि मग वीस. "कारण" जोडून वाक्य केलं की त्या भागातलं क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्या सवयीचं.

ड्यूटी संपली की घरी येताना एसटीत त्या दिवसाचा हँडओव्हर मनात जर्मनमध्ये म्हणते: कोणत्या बेडला ताप, कोणाचं ड्रेसिंग झालं, कोण जेवलं नाही. ताप सेल्सिअसमध्ये सांगायची सवयही त्यातच लागली. अडलेला शब्द घरी येऊन शोधते. पुस्तकातले "माझा छंद पोहणे" वगैरे धडे मला कधीच लक्षात राहिले नाहीत.

संत्रेवाला, वरुड

तुम्ही सगळे युरोप-जपानात चालले, माझं गिऱ्हाईक बांगलादेशात आहे. तिकडं आयात शुल्क वाढत गेलं तसा धंदा बसला, पण सौदा अजून फोनवरच होते. समोरच्याला हिंदी समजते, फक्त भाव पाडायच्या वेळी समजत नाही! म्हणून बांगला. शिकवलं कोणी, तर मुलचेऱ्याच्या ट्रक ड्रायव्हरनं. गडचिरोलीत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली लोकांची गावं आहेत. तो गेला, ती गेली, क्रियापद एकच, हे लय सोयीचं. लिपी येत नाही. अडलं नाही अजून.

बीएस्सीची विद्यार्थिनी, पुसद

कोरियन, मालिका पाहून. हसा खुशाल. हंगुल लिपी राजा सेजोंगच्या काळात, १४४३ मध्ये तयार झाली. आज वापरात मूलभूत अक्षरं २४ आणि ती जोडून एकेका उच्चाराचा ठोकळा, म्हणजे बाराखडी गिरवलेल्याला वाचन पटकन येतं. अडतं कानाशी: आपल्या "क" आणि "ख" शिवाय त्यांचा आणखी एक घट्ट "क" आहे, तो माझ्या कानाला अजून सापडत नाही. सबटायटल बंद करून एकच प्रसंग पुन्हा पुन्हा ऐकते.

पालक, मेहकर

सर, मुलगा रशियात एमबीबीएसला चालला. एजंट म्हणतो शिकवणं इंग्रजीत आहे, रशियनची गरज नाही. खरं का?

धागाकर्ता

काका, वर्ग इंग्रजीत असला तरी वॉर्डातला पेशंट रशियनच बोलणार. जायच्या आधी ३३ अक्षरं वाचता-लिहिता येऊ द्या, आणि "कुठे दुखतं, कधीपासून" एवढं तोंडात बसवा. त्यांच्या सहा विभक्त्या आहेत. शाळेत प्रथमा-द्वितीया घोकली असेल तर कल्पना नवी नाही, फक्त रूपं पाठ करावी लागतील. वर्ध्याजवळच्यांसाठी: तिथल्या हिंदी विश्वविद्यालयात चिनी, स्पॅनिश, जपानी, फ्रेंचही शिकवतात. यंदाचे प्रवेश आणि फी तिथेच जाऊन विचारा.