मदत हवी आहे: शाब्दिक उदाहरण आलं की लेक अडते

सईची आई
लेकीला अपूर्णांक येतात. बेरीज, गुणाकार चटाचटा करते. शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडलीच. मग मी मागचा धडा पुन्हा करायला बसवते. तो बिनचूक करते आणि उदाहरणापाशी येऊन परत तेच! दोन आठवडे हेच चाललंय. सोमवारी चाचणी आहे, पटकन सांगा.

रानवारा
कितवीत? माध्यम? उदाहरण कोणतं? पत्रिका न दाखवता भविष्य विचारताय.

बाबाजी_ठाणे
आमच्या चिरंजीवांना अबॅकस लावलं, आता कॅल्क्युलेटरलाही ऐकत नाहीत. लावून टाका.

खडूस
आकडेमोड येते म्हणताहेत त्या. अबॅकस कुठे लावणार, कपाळाला?

सईची आई
सहावी, सेमी. उदाहरण असं: एकाने आंब्यांपैकी १/३ विकले, उरलेल्यांपैकी १/४ नासले, १८ राहिले. आधी किती होते? हिने १/३ + १/४ = ७/१२ केलं. उत्तर ४३.२ आंबे!!

गणू
क्ष × २/३ × ३/४ = १८. क्ष = ३६. सोपं आहे.

खडूस
उत्तर कुणी मागितलंय?

जुना मास्तर
ताई, बेरीज बरोबर आहे तिची. चुकलंय ते 'कशाचा १/४'. धडा परत करून घेता तेव्हा ती नुसती आकडेमोड करते, आंबे बाहेरच राहतात. पिरी आणि कीरेन या गणित-शिक्षणाच्या दोघा अभ्यासकांनी १९९४ साली यावर लिहिलं आहे, 'फोल्डिंग बॅक' म्हणतात. अडल्यावर जुन्या समजुतीकडे वळायचं, पण आताचा प्रश्न सोबत घेऊन. त्यामुळे ती उजळणी राहत नाही, जुनी समजूतच जाड, म्हणजे पक्की होते. कागदाची पट्टी द्या. तीन भाग, एक रंगवायचा. मग विचारा, नासले ते कुठले? पुढे गप्प बसा. हे सर्वांत अवघड.

बाबाजी_ठाणे
सहावीत पट्ट्या? पहिलीत आहे का ती?

रानवारा
मला वाटतं घोळ भाषेचा आहे. सेमीत 'ऑफ द रिमेनिंग' वाचलं की 'रिमेनिंग'वरून नजर घसरते. मराठीत वाचून दाखवा.

बाबाजी_ठाणे
भाषेचं काढू नका. २०१९ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आणलं तेव्हाच गणित बुडालं.

रानवारा
त्यात काय बुडालं? एकवीस म्हणताना एक आधी, लिहिताना दोन आधी. पोरं १२ लिहितात. जर्मनांचंही तसंच आहे.

सईची आई
ते वीस एक राहू द्या हो. पट्टी दिली. आधी अख्ख्या पट्टीचेच चार भाग करायला निघाली. मी ओठ दाबून बसले. मग स्वतःच म्हणाली, "अगं, हे तर विकलेत, नासतील कसे?" उरलेल्या दोन भागांचे चार केले, एक खोडला, तिनांत १८. पट्टीत असे सहा तुकडे, म्हणून ३६. आता विचारतेय, चाचणीला पट्टी नेली तर बाई ओरडतील का?

जुना मास्तर
कच्च्या कामाच्या रकान्यात आयत काढायला सांगा. त्याला कोण ओरडतंय.

गणू
क्ष मानला असता तर एका ओळीत झालं असतं.