सराव परीक्षेत आपटल्यावर पुढची देववत नाही

प्रश्न: एकदा गुण घसरले की "अभ्यास पुरा झाल्यावर देऊ" म्हणत पुढची सराव परीक्षा टळतच जाते. नेमकं काय करावं?

उत्तर १: चुकांची वही ठेवा. रकाने चार: प्रश्न, काय लिहिलं, का चुकलं, पुन्हा कधी सोडवायचा. तिसऱ्या रकान्यात "निष्काळजीपणा" लिहिलंत तर वही वाया गेली. "कंस सोडवताना दुसऱ्या पदाचं उणे चिन्ह तसंच राहिलं" असं लिहा, म्हणजे पुढच्या वेळी नजर कुठे ठेवायची ते कळतं. तोच प्रश्न उत्तर झाकून दुसऱ्या दिवशी सोडवा, मग आठवड्याने.

उत्तर २: वही बरोबर, पण भीती पोसली जाते ती टाळण्यावर. टाळलं की लगेच हायसं वाटतं, म्हणून पुढच्या खेपेला टाळणं अजून सोपं. ३ तासांचा पेपर सध्या राहू द्या. २० मिनिटांत १० प्रश्न, रोज ठरल्या वेळी. घड्याळ लावूनच हं! निवांत सोडवलं तर धडधडीची सवय होत नाही.

प्रश्नकर्ता: सगळ्या चुका उतरवायच्या?

उत्तर १: छे, कंटाळून चौथ्या दिवशी सोडाल. एका पेपरातल्या ५ पुरे, त्यातही पुन्हा पुन्हा होणाऱ्या आधी.