मदत हवी आहे: अल्प प्रमाणातील गांजाच्या प्रकरणात गुन्हा कबूल करावा की उपचाराची मागणी करावी?

नमस्कार. माझ्या भाच्याकडे साधारण ४० ग्रॅम गांजा सापडला होता. तो जामिनावर असून तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दोषारोपपत्र दाखल झाले आहे. एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थांविषयीचा कायदा) प्रमाणे गांजाचे १ किलोपर्यंतचे प्रमाण अल्प मानले जाते आणि व्यापारी प्रमाण २० किलोच्या पुढे सुरू होते. त्यामुळे कलम ३७ मधील जामिनाच्या कठोर अटी त्याला लागल्या नाहीत आणि कलम २० खाली जास्तीत जास्त १ वर्ष सक्तमजुरी, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही एवढीच शिक्षा संभवते.

वकीलसाहेबांचे म्हणणे असे, की गुन्हा कबूल करून दंड भरावा आणि मोकळे व्हावे. तारखांना कंटाळलेल्या माझ्या ताईलाही ते पटले आहे. मला मात्र धास्ती वाटते, कारण दंडावर सुटला तरी दोषसिद्धी कागदावर राहणारच, आणि मुलगा अजून पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम ६४अ प्रमाणे तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. कलम ३९ मध्येही शिक्षेऐवजी बंधपत्रावर (लेखी हमीवर) उपचारासाठी सोडण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील तालुका न्यायालयात असा अर्ज कोणी प्रत्यक्ष केला आहे का? व्यसनाधीनता सिद्ध करण्यासाठी कोणती कागदपत्रे जोडली, आणि दोषारोपपत्रानंतर सुरू केलेले उपचार न्यायालयाने ग्राह्य धरले का? अनुभवी वकिलांनी कृपया सविस्तर लिहावे. पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे.